गाडी आत आली पाहिजे

ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ते हयात आहेत, ठणठणीत आहेत, आणि हा अंक त्यांच्या हाती पडला तर पहिली चूक ते पहिल्याच ओळीत काढणार आहेत. म्हणून माफी आधीच मागून ठेवते. व्यक्तिचित्र लिहिणारानं पुष्कळ माणसं पाहिलेली असावीत, पुष्कळ पुस्तकं वाचलेली असावीत. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. वाचलंय ते परीक्षेपुरतं, आणि पाहिलंय म्हणाल तर तामलवाडीकडचं आमचं रान, कॉलेजचं गाव आणि आता एम.ए.साठी सोलापूर. पण मराठीच्या बाई म्हणाल्या, "ज्याची नक्कल तुला चांगली करता येते, त्याच्यावर लिही." नक्कल मला एकाच माणसाची येते. वर्गात ती करून मी बरीच हसवाहसवी केली आहे, तेव्हा आता हात आखडता घेणंही बरं दिसणार नाही.

मी जिथं कॉलेज केलं त्या गावाचं नाव लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं, बायपास झाल्यापासून हायवेनं बाजूला टाकलेलं एक गाव, एवढं पुरे. आधी सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या गाड्या गावातल्या जुन्या स्टँडवर यायच्या. स्टँडला लागूनच पेठ. बायपास झाला आणि गाड्या फाट्यावरूनच जाऊ लागल्या. जुन्या स्टँडच्या मैदानात शेळ्या आल्या. ज्यांची नक्कल मी करते त्या चाचांचं घर त्या पेठेत होतं. खाली दुकान, वर खोली. ती खोली मला मिळाली त्याची गोष्ट अशी.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन दारात उभे राहिले. चाचा कंदिलाची काच पुसत होते. त्यांनी भाडं सांगितलं नाही, जात विचारली नाही, मार्क विचारले नाहीत.

"कशानं आलाव?"

"बसनं," दादा म्हणाले.

"उतरलाव कुठं?"

"फाट्यावर."

"मग हे पोरीचं सामान डोक्यावर घिऊन तितनं चालत आलाव?"

"व्हय. दुसरं काय करनार."

चाचांनी काच खाली ठेवली. आतल्या बाजूला बघून "ऐकलं का, आजून एक साक्षीदार आला," असं चाचींना ओरडून सांगितलं, आणि माझ्याकडं वळून विचारलं, "बेटा, शुद्ध मराठीत लिव्हता येतं का?"

मी मान हलवली. खोली मिळाली. दादांना वाटलं, माणूस शिक्षणाची कदर करणारा आहे.

चाचांचं दुकान कंदील, स्टोव्ह आणि कुलपं यांचं. स्टोव्हची पिन, वायसर, कंदिलाची वात असल्या वस्तू त्यांच्याकडं मिळायच्या. म्हणजे कोणी मागितल्या असत्या तर मिळाल्या असत्या. कुलपं तेवढी विकली जात. पेठेतली दुकानं बंद व्हायला लागली होती, त्यामुळं कुलपांना थोडी मागणी होती. चाचांना याचं मनापासून वाईट वाटायचं. कुलूप विकताना ते गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचे, "बंदच करायलाव का? आजून थोडं थांबून बगा की."

त्यांचा खरा धंदा अर्ज करणं हा होता. मागणी कायम एकच: गाडी आत आली पाहिजे. नगरपालिका, आगार, तहसील, आमदार, खासदार, मंत्री, जिथं म्हणून टेबल आणि खुर्ची आहे तिथं चाचांचा अर्ज गेलेला होता. अर्जाखाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असं लिहून ते नावं घालत जायचे आणि शेवटची प्रत समोरच्या पेढेवाल्या शेटना द्यायचे. शेट त्यात पेढे बांधून द्यायचे.

"शेट, माज्या अर्जात पेढे बांदताव?"

"आवो चाचा, तुमच्या सायबानं तो अर्ज उघडला बी नसंल. माजं गिऱ्हाईक घरी जाऊन उघडतंय. लोकांपर्यंत कोण पोचवायलंय मग?"

चाचांनी यावर बराच विचार केला आणि पुढच्या वेळेपासून शेटना प्रती जास्त द्यायला लागले.

इतकी वर्षं सरकारी कागदांच्या संगतीत राहून त्यांची भाषाच तशी झाली होती. नळाला पाणी आलं की ते जिन्यातून मला हाक मारत नसत, "पाणी सोडण्यात आलेलं हाय," असं जाहीर करत. चाचींनी "जेवायला कवा बसताव?" विचारलं की उत्तर यायचं, "प्रस्ताव विचाराधीन हाय." चाची म्हणायच्या, "मग बसा उपोशनाला," आणि ताट झाकून ठेवायच्या. एरवी जवळपास अबोल असलेल्या या बाईला एवढं एक वाक्य बोलताना फार सुख होत असावं, कारण ते त्या रोज बोलत.

मी अर्थशास्त्र घेतलं होतं. एकदा अर्ज लिहिता लिहिता मी त्यांना गुणक म्हणजे काय ते सांगितलं. एकानं खर्च केला की तो दुसऱ्याचं उत्पन्न होतो, दुसरा त्यातून तिसऱ्याकडं खर्च करतो, असं. सांगताना मी पुस्तकाकडंच बघत होते, कारण मलाही ते नीट कळलेलं नव्हतं. चाचांना मात्र लगेच पटलं.

"आगं हेच की. गाडीतनं उतरलेला मानूस आदी पानी मागतो. मग च्या पितो. तेवड्यात बायको बांगड्या बगती, पोरगं पेढ्यापुडं रडतंय. मानूस थांबला की खर्च होतो. पळनाऱ्याच्या खिशात हात जात न्हाय, त्येचा सोताचाबी न्हाय. ह्येला काय म्हनलीस?"

"गुणक."

त्यानंतर महिनाभर गुणकानं पेठेला सुखानं जगू दिलं नाही. चहात साखर कमी पडली तरी चाचा म्हणायचे, गुणक बिघडला. शेट मला म्हणाले, "पोरी, पुडचा धडा सांगू नगंस त्येंना."

हे सगळं गमतीनं चाललं होतं तोवर ठीक होतं. मग एका सकाळी शेट समोरून आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "चाचा, एक चांगलं दणकट कुलूप दाखवा." शेटचा मुलगा पुण्यात होता. तो बोलवत होता. दिवाळीचा माल संपला की भट्टी विझवायची आणि पुण्याला जायचं, असं ठरत आलं होतं. चाचांनी सगळी कुलपं काढली, एकेक हातात घेऊन त्याचे दोष सांगितले. हे गंजतं, ह्याची किल्ली अडकती, हे तर पोरगंबी उघडंल. शेट रिकाम्या हातानं परत गेले. दोघं रोज भांडायचे, पण दोघांपैकी एकाचं दुकान उघडायला उशीर झाला तर दुसरा आपल्या दुकानाच्या फळीवर टेकायचाही नाही, हे मी वरून पाहिलेलं होतं.

त्या दिवशी चाचा जेवले नाहीत, आणि चाचींनीही उपोषणाचं काही काढलं नाही. संध्याकाळी ते मला म्हणाले, "बेटा, दिवाळीच्या आत गाडी आत आली पाहिजे. नवा अर्ज घे लिव्हायला."

त्या अर्जाला मात्र फळ आलं. नगरपालिकेत नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या होत्या. त्यांनी कळवलं की पेठेच्या विकासाच्या प्रस्तावासाठी त्या स्वतः पाहणीला येतील, व्यापाऱ्यांनी आपली परिस्थिती सांगावी.

चाचांनी आठवडाभर तयारी करून घेतली. मॅडमना सांगायचं काय, तर गाड्या बंद झाल्यापासून धंदा बसला, दुकानं मिटायला लागली. प्रत्येकानं एवढंच बोलायचं. मी ते सोप्या मराठीत लिहून सगळ्यांना दिलं, पाठही करून घेतलं. पण आमच्याकडं दुकानदाराला एक सवय असते. ती सवय आहे हेच आम्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मॅडम आल्या. बांगड्यांच्या दुकानापुढं थांबल्या आणि सहज विचारलं, "काय, कसं चाललंय?"

"मजेत, ताई. भवानीची कृपा हाय," बांगडीवाला म्हणाला.

फळीवर बसून धंदा वाईट चाललाय असं तोंडानं म्हणणं म्हणजे लक्ष्मीला हाकलणं. गल्ल्यात झुरळ फिरत असलं तरी विचारणाऱ्याला बरं चाललंय म्हणूनच सांगायचं, हे यांच्या जिभेला लहानपणापासूनचं वळण. भांडीवाला म्हणाला, "लई चांगलं." शिंपी म्हणाला, "कायबी कमी न्हाय." शेटनी तर पेढा पुढं केला आणि म्हणाले, "फुरसत न्हाय बगा." मी मागून चाचांचा सदरा ओढत होते. मॅडम चाचांपुढं आल्या. "तुमचेच अर्ज येतात ना? बोला, कसं आहे?"

चाचांनी घसा साफ केला. आठवडाभर पाठ केलेली वाक्यं ओठावर आलेली मला दिसली. आणि मग उजवा हात आपोआप छातीवर गेला.

"मालिक की मेहेरबानी हाय, म्याडम. झकास."

त्यात भर म्हणून त्या दिवशी पलीकडच्या शादीखान्यात चाचांच्या पुतणीचं लग्न होतं. पेठ अगदीच रिकामी दिसू नये, मॅडमना अपमान वाटू नये, म्हणून चाचांनी वऱ्हाडाला पेठेतून फिरून यायला सांगितलं होतं. जरीचे कपडे घातलेल्या पाहुण्या बायका हातात पिशव्या घेऊन भांड्यांचा भाव करत होत्या. मॅडम कौतुकानं पाहत राहिल्या.

काही दिवसांनी उत्तर आलं. बाजारपेठ सुस्थितीत असून गर्दी जास्त आढळल्यानं एकेरी वाहतूक करण्यात येत आहे. पेठेच्या तोंडाला तसा फलक लागला.

चाचांनी तो फलक शिरोधार्य मानला. शासनाचा निर्णय हाय, म्हणाले. समोर शेटकडं ते सरळ जायचे, पण गप्पा मारून परत यायचे ते पेठेच्या शेवटापर्यंत जाऊन, मागच्या बोळातून, कसायाच्या दुकानाला वळसा घालून. त्यांना दम लागायचा. शेट फळीवरून ओरडायचे, "चाचा, तुमाला चाकं न्हायत." चाचा बोळातूनच उत्तर द्यायचे, "कायदा चाकाला इचारून होत न्हाय."

चाचांच्या आणखी एका अर्जावरून दुसऱ्या पाहणीची वेळ आली तेव्हा तोंड उघडायचंच नाही असं ठरलं. सगळी दुकानं बंद ठेवायची. मॅडमना दिसू दे, पेठ कशी ओस पडली आहे. ठरल्याप्रमाणं सगळ्या फळ्या लागल्या, चाचा एकटेच स्वागताला बाहेर थांबले. मॅडमच्या आधी पोलिसांची गाडी आली. जमादार उतरले. "बंद कुणी पुकारलाय?"

"बंद न्हाय सायेब. आमी दाखवायलोत."

"काय दाखवायलाव?"

"की बंद हायेत."

"तेच इचारतोय. कुटल्या पार्टीचा बंद?"

"पार्टी न्हाय ओ. निस्ते मेलोत आमी, ते दाखवायलोत."

जमादारांनी सगळ्यांना दुकानं उघडायला लावली. त्यामुळं मॅडम पोचल्या तेव्हा पेठ पुन्हा गजबजलेली होती, पोलीसही बंदोबस्ताला होते. दिवाळी तोंडावर आली होती. शेटच्या घरी खोकी बांधायला सुरुवात झाली होती.

पुढं जे झालं ते अर्जानं झालं नाही, ते चाचींमुळं झालं.

फाट्यावर सावली नव्हती, पाणी नव्हतं आणि बायकांना जायला जागा नव्हती. मी शनिवारी गावी जायचे तेव्हा सकाळपासून पाणी प्यायचं नाही, हा माझा नियम होता. माझ्याच नाही, त्या रस्त्यानं येणाऱ्या सगळ्याच बायकांचा असावा. एकदा तुळजापूरहून परतणारी एक म्हातारी फाट्यावर चक्कर येऊन बसली. चाचा तिथं होते. ते फाट्यावर नेहमीच असायचे, थांबणाऱ्या गाड्यांकडं सासऱ्यानं रुसलेल्या जावयाकडं बघावं तसं बघत. त्यांनी म्हातारीला आणि तिच्या सुनांना घरी आणलं. चाचींनी पाणी दिलं, मागचं दार उघडून दिलं. त्या बायका जाताना चाचींच्या हाताला धरून रडायच्या बेतात होत्या.

त्या दिवशी चाचींनी नवऱ्याला मी ऐकलेला एकमेव हुकूम दिला. "जितक्या हायेत तितक्या आना."

मग चाचा रोज छत्री घेऊन फाट्यावर उभे राहू लागले. "माय, गाडीला येळ हाय. हितंच घर हाय, चला." गाडीला किती वेळ आहे हे त्यांना कधीच माहीत नसायचं. बायका यायच्या, त्यांच्या मागून पुरुष यायचे. चाचींकडं रांग लागली की उरलेले शेटच्या फळीवर टेकायचे. आणि फाट्यावर गाडी येऊन उभी राहायची, आत सीटवर नुसत्या पिशव्या आणि नारळ. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. कंडक्टर शिट्टी वाजवायचा. शेवटी एकदा कंडक्टर उतरून प्रवासी गोळा करायला पेठेत आला. त्याला शेटनी पेढा दिला. चाचांनी खुर्ची दिली, आणि गाडी आत का आली पाहिजे ते पहिल्या अर्जापासून सांगायला सुरुवात केली.

बराच वेळ कंडक्टर परत येईना, तेव्हा ड्रायव्हरनं वैतागून गाडी वळवली आणि थेट जुन्या स्टँडवर आणली. शेळ्या पळाल्या. कित्येक वर्षांनी पेठेत गाडी आली ती अशी, कंडक्टरला शोधायला. सगळी पेठ फळीवरून खाली उतरून उभी राहिली. ड्रायव्हरच तेवढा बोलत होता, आणि ते मला इथं लिहिता येणार नाही. गाडी फिरून निघाली तसे चाचा हात वर करून पुढं धावले. मला वाटलं, आभार मानणार. ते ड्रायव्हरला सांगत होते, "मागच्या बोळानं काडा. हिकडनं एकेरी हाय."

आगारात तक्रारी गेल्या. त्यातली एकही चाचांची नव्हती, म्हणून बहुतेक त्या वाचल्या गेल्या. नगरपालिकेनं बैठक बोलावली. चाचांनी मला पुढं ढकललं. "तू बोल. माजी जीभ घात करती."

तोवर मी कधी दहा माणसांपुढं बोलले नव्हते. गुणक सांगायचा ठरवला होता, तो पूर्ण विसरले. मॅडमनी विचारलं, "तुम्ही स्वतः फाट्यावर थांबता तेव्हा काय अडचण येते?"

"मी पाणी पीत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"सकाळपासून पीत नाही. गाडीला उशीर झाला तर जायचं कुठं."

मॅडम लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. पुरुष मंडळी पंख्याकडं बघायला लागली. मॅडमनी आगाराच्या साहेबांना एवढंच विचारलं, "जुन्या स्टँडला स्वच्छतागृह आहे. मी ते दुरुस्त करून देते. गाडी आत यायला तुम्हाला किती वेळ जास्त लागेल?" साहेब म्हणाले, विचार करून सांगतो. चाचा माझ्या कानात म्हणाले, "एवडी वर्सं मी धंदा धंदा करत बसलो बग."

स्वच्छतागृह दुरुस्त झालं, पण गाडीचं उत्तर यायच्या आत दिवाळी गेली. शेटनी तिकीट पुढं ढकललं. आधी संक्रांतीला जातो म्हणाले, मग पाडव्याला. माझी परीक्षा झाली. निघताना मी चाचांच्या पाया पडायला वाकले, तर ते मागं सरकले. "खोली तुजीच हाय. दुसऱ्या पोरीला दिली तरी तुजीच," म्हणाले, आणि मला फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडी दिसल्यावर मात्र त्यांनी पाठ फिरवली. तिच्याशी त्यांचं अजून बोलणं नव्हतं.

परवा मी सोलापूरला वाचनालयात होते, तर चाचींचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत, म्हणून पुस्तक तसंच टाकून उठले. बाहेर व्हरांड्यात आले.

"मंजूर झालं गं," चाची म्हणाल्या. "आज सकाळी पयली गाडी आत आली. म्याडम आल्या, नारळ फोडला. गाडी अशी भरून आली, उतरून लोकंच लोकं पेठंत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "चाचांना द्या ना फोन."

"कुठनं देऊ? म्याडमबी शोधायल्या. लोकं पेढे मागायलेत, शेटचं दुकान बंद. एकाला खरंच कुलूप पायजे होतं, तर आमचं बी बंद."

"बंद? आजच्या दिवशी? आणि शेट तर पुण्याला जाणार होते ना?"

"ते रद्द झालं. शेटनं सकाळीच पोराला फोन लावला, माज्या म्होरंच. म्हनले, आता यायला जमनार न्हाय, धंद्यातनं मान वर करायला सवड न्हाय. फोन ठिवला, दुकान बंद केलं, अन् दोगंबी जाऊन गाडीत ड्रायव्हरच्या मागं बसले. खिडकीसाठी भांडत भांडत गेलेत. सोलापूरला पोचतीलच इतक्यात, तुज्याकडंच यायलेत. जेवाय घाल, अन् सांजच्या गाडीला बसवून दे."